बारा ओळींचा फलक

मे महिन्यात सड्यावर सावली एकच,
जुन्या क्रशरच्या सांगाड्याची.
तिच्याभोवतीही आता साखळी ओढली आहे :
आत जाऊ नये.

मी बाहेर उन्हात डबे मांडले.
पांढरा, काळा, बोटभर काव.
खात्याने मजकूर टाइप करून पाठवला होता,
बारा ओळी, शिक्क्यासकट.
'येथे लोहखनिज फोडले जाई, चाळले जाई,
धुऊन खाडीमार्गे बार्जने रवाना होत असे.'
जाई. होत असे.
आखीव अक्षरांत हे रंगवताना वाटलं,
दगड आपणच फुटत असावा,
आपणच चाळणीत उडी घेत असावा,
आणि अंघोळ उरकून
आपापला बार्जमध्ये जाऊन बसत असावा.

जतनाचं काम चोख झालंय.
गंज खरवडला, प्रायमर दिला,
वर गंजाच्याच रंगाचे दोन हात.
म्हणजे जुनं दिसेल पण जुनं होणार नाही.
धुण्याच्या टाकीत कठडा, कठड्याला दिवे.
खालच्या खाणीत पाणी साठून हिरवंगार,
तिथे लग्नाआधीची जोडपी फोटो काढतात,
फोटोवाला ओरडतो, मागे नको, आणखी मागे नको.

काजू वेचत आवडूमावशी वर आली.
ओच्यात बिया, हातांना चीक.
'काय लिवतस?'
मी वाचून दाखवलं. बाराही ओळी.
तिने ऐकलं, एक बी दगडावर ठेचली, मग म्हणाली,
'ह्यात बायलो खंय असत?'

मग ती सांगत गेली, मध्येच बिया मोजत,
मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.
चाळणीखाली चौदा जणी.
धूळ अशी की समोरचीला हाकेवरून ओळखायचं.
लग्नातलं पिवळं लुगडं तीन महिन्यांत काताच्या रंगाचं,
धुतलं की ओहोळ लाल,
ओहोळ लाल की खालच्या वाडीची भांडणं.
'थुकी लाल पडा. डॉक्टर म्हणालो, पान सोड.
मिया जल्मात पान खाल्लंय नाय.'
बाराच्या भोंग्याला अख्खा गाव चुलीवरून भात उतरवी.
कंपनी बंद पडली त्या महिन्यात
पगाराआधी भात करपला.
पट्टा तुटला तेव्हा त्याच्या रबराच्या वहाणा झाल्या.
त्या अजून आहेत, माळ्यावर, जोडी नाही, एकच.
आणि खाडीतल्या तिसऱ्या अजून उकडल्या
की टोपाच्या तळाला तो गाळ,
दाताखाली कच्.

कमरेला पितळी बिल्ला असायचा.
'दोनशे बारा.
दोन्हीकडसून सारखो दिसा,
म्हणान माका वाचूक येय.'
तिने धुळीत बोटाने काढून दाखवला.
सुटी झाली की तो खिडकीत परत द्यायचा.
एक दिवस दिला आणि खिडकी बंद झाली.

ती उतरून गेली. मी मजकूर संपवला.
एक काना चुकला होता, पुसला.
तळाशी चार बोटं जागा उरली,
जिथे मी एरवी लिहितो : गुंडू पेंटर, बाजारपेठ.
तिथे कावेने लिहिलं :
२१२.

चौथ्या दिवशी साहेब आले.
टोपी, पाण्याची बाटली, वहीत टिपण.
'हा आकडा कसला? मजकुरात नाही.'
मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवला.
'उंची, साहेब. समुद्रसपाटीपासून. फुटांत.'
त्यांनी खाडीकडे पाहिलं, डोळ्यांनी काहीतरी मापलं,
आणि मान हलवली.
आता शाळेची सहल आली की
पोरं तो आकडा वहीत उतरवून घेतात.

मावशीला सांगितलं तेव्हा ती बिया भाजत होती.
तेल उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून
तोंड वळवूनच बोलली.
'उंची? बरा.
मगे आम्ही बरीच वर होतंव.'